वाचकांचे प्रश्न : बचावाच्या पहिल्या फळीतला जुना गडी

मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलमधल्या डिफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे चेंडूच्या अगदी समोर हात टेकून बसणाऱ्या बचावाच्या पहिल्या फळीवर, दोन पानं छापली होती. पस्तिशी ओलांडूनही तिथे टिकलेल्या खेळाडूंचा त्यात उल्लेख होता. त्यावर आलेली पत्रं बहुतेक वऱ्हाडातली आणि वर्ध्याकडची आहेत, आणि लिहिणारे बरेचसे कबड्डीवाले. त्यांतली निवडक पत्रं आणि आमची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : रविवारी रात्री साडेअकराच्या पुढे मी मोबाइलवर हा खेळ पाह्यतो. मधात बसलेला तो जाडा गडी नुसती ढकलाढकली करते. बॉल त्याच्या हाती कधी येतच नाही. मंग त्याले एवढा पैसा काहून देतात?
— एक कास्तकार वाचक, तालुका दारव्हा

उत्तर : चेंडू त्याच्या हाती यावा अशी अपेक्षाच नसते. समोरच्या पाच जणांपैकी दोघांना गुंतवून ठेवणं हे त्याचं काम. आक्रमणाच्या फळीत मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल असतात. सेंटर आणि गार्डमधल्या फटीला 'ए' म्हणतात, गार्ड आणि टॅकलमधली 'बी', टॅकलच्या बाहेरची 'सी'. चेंडू घेऊन पळणारा यांपैकीच एखाद्या फटीतून निघणार असतो, म्हणून प्रत्येक फटीला राखणदार लागतो.

बसायच्या जागांनाही आकडे आहेत. सेंटरच्या नाकासमोर बसला तर शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर पाच, आणि टॅकलशेजारी टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि चेंडू झेलणाराही गडी, उभा असेल तर त्याच्याही बाहेर नऊ. समालोचक 'थ्री टेक्निक' म्हणतो तेव्हा तो डावपेच सांगत नसतो, बसायची जागा सांगत असतो. तीनवर बसणारा बहुधा चपळ असतो, कारण त्याला एकच फट फोडून आत शिरायचं असतं. शून्यावरच्याला मात्र पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळायच्या असतात. म्हणून तो दीडशे किलोच्या आसपासचा असतो आणि जागचा हललेलाही दिसत नाही.

आता त्या ढकलाढकलीचा हिशेब करा. मधल्या गड्यावर दोघं मिळून चालून येतात, त्याला डबल टीम म्हणतात. प्रत्येकी १४० किलो धरले तरी २८० झाले. जिनिंगमधून निघणारी कापसाची दाबलेली गाठ १७० किलोची असते. म्हणजे दीडपेक्षा जास्त गाठी एका बाजूने त्याच्या बरगड्यांवर येतात. तो दोन पावलं मागे सरकला, तर त्या दोघांपैकी एक जण मोकळा होतो आणि मागच्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्याला, जाऊन अडवतो. तो जागचा हलला नाही, तर लाइनबॅकर मोकळा राहतो आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडतो. कागदावर नाव लाइनबॅकरचं लागतं. संघाचा मालक मात्र कागद पाहून पैसे देत नाही, सामन्याचं चित्रण पाहून देतो.

पुढच्या वेळी सलग पाच खेळी चेंडूकडे बघूच नका. चेंडू हलल्यावर पहिल्या सेकंदात दोन्ही फळ्यांपैकी कुणाची डोकी वर उठतात, तेवढंच पाहा. ज्याचं डोकं आधी वर येतं तो बहुधा हरलेला असतो.

प्रश्न : हाफ सॅक म्हणजे काय? आणि एका खेळाडूने उलट्या दिशेने धावून स्वतःच्याच हद्दीत चेंडू नेला होता, हे खरं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, मूर्तिजापूर

उत्तर : क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाचा चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, चेंडू फेकण्याआधीच पाडलं की सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा वाटून घेतात. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये व्यक्तिगत सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासूनची, त्यामुळे त्याआधीच्या खेळाडूंचे आकडे तुलनेला घेताना जपून. उलटं धावणं खरं आहे. मिनेसोटा वायकिंग्जचा जिम मार्शल, २५ ऑक्टोबर १९६४, ६६ यार्ड. समोरच्या संघाला दोन गुण मिळाले, तरी सामना वायकिंग्जनीच जिंकला, २७–२२. या मार्शलबद्दल पुढे आणखी आहे. त्याला त्या एका धावेवरून ओळखणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या आणि गावच्या मंडळातल्या मुलांना मी कबड्डी शिकवतो. तुमच्या लेखात 'खाली असेल तो जिंकेल' असं होतं. हे शिकवायचं कसं? आमच्याकडे मॅट सोडून काहीच साधन नाही.
— कबड्डी प्रशिक्षक, देवळी

उत्तर : या एका पत्राला आम्ही जास्त जागा देतो आहोत, कारण लाइनमनची पंधरा वर्षांची कारकीर्द असो की गावच्या मंडळातला कव्हर, टिकाऊपणाचं मूळ इथेच आहे. ताकद वयाबरोबर उतरते, पण बसण्याची ढब आणि हात उतरत नाहीत.

आधी बैठक. पाय खांद्यांइतके रुंद. मागच्या पायाचा अंगठा पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत, त्याहून मागे नको. मागचा पाय ज्या बाजूचा त्याच बाजूचा हात जमिनीवर, खांद्याच्या खाली किंवा चार बोटं पुढे. बोटांची टोकं टेकवायची, तळहात नाही. कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर आणि पाठ सरळ. पाठीवर काठी आडवी ठेवा. ती मानेकडे हळूच घसरली पाहिजे. कमरेकडे घसरली तर पोरगा उकिडवा बसलाय. वजन नीट आहे का हे पाहायला त्याचा टेकलेला हात अचानक बाजूला करा. तो पुढे एक पाऊल लोटला गेला पाहिजे. जागच्या जागी राहिला तर वजन मागे आहे. थेट नाकावर आपटला तर फारच पुढे.

मग सुटणं. लाइनमन चेंडू हलताना पाहून सुटतो, आवाज ऐकून नाही. समोरचा क्वार्टरबॅक मुद्दाम खोटे हाकारे देतो, त्याला फसला तर पाच यार्डांचा दंड. याचा सराव करायला काठीच्या टोकाला फडकं बांधा. एकाने फडकं जमिनीलगत धरायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून 'हट', 'जा', 'आता' असं काहीही ओरडायचं. पोरांनी फडकं हललं तरच सुटायचं. दहा वेळा करा. पहिल्या दिवशी दहापैकी चार तरी चुकतील.

पहिलं पाऊल मागच्या पायाचं आणि आखूड, फार तर वीतभर. पाय जमिनीपासून उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे सुटताना पुढचा पाय आधी मागे घेणं. अंगाला वाटतं की जोर घेतोय, प्रत्यक्षात अर्धी खेळी तिथेच जाते. पायामागे चुन्याची रेघ मारा. रेघेवर पाय पडला की ठसा उमटतो, पोराशी वाद घालावा लागत नाही.

उंची राखायला अमेरिकेत लोखंडी पिंजरा वापरतात. आपल्याकडे दोन बांबू रोवा आणि साधारण सव्वा मीटरवर सुती दोरी बांधा. तार किंवा नायलॉन नको, मानेला कापतं. बैठकीतून सुटून दोरीखालून चार पावलं जायचं, दोरी हलता कामा नये. लहान वर्गातल्या मुलांसाठी दोरी त्यांच्या छातीच्या उंचीवर घ्या.

आता हात. दुसरं पाऊल जमिनीवर पडायच्या आत हात समोरच्याच्या छातीवर पोचले पाहिजेत. अंगठे वर, कोपरं बरगड्यांजवळ, धक्का तळहाताच्या टाचेने आणि खालून वर. कोपरं बाहेर फाकली की दोन नुकसानं होतात : जोर निम्मा होतो, आणि खांद्याच्या खोबणीची कड फाटायची शक्यता वाढते. खांद्याच्या शस्त्रक्रियांपर्यंत गोष्ट जाते ती पुष्कळदा या फाकलेल्या कोपरांतून.

मारायला पोतं करा. नुसती वाळू भरू नका. चार दिवसांत ती दगडासारखी बसते आणि मनगटं धरतात. सोयाबीनचं कुटार दोन भाग आणि वाळू एक भाग, आकारमानाने. थरांत न भरता कालवून भरा. पोतं २५ ते ३० किलोचं झालं पाहिजे. आत प्लास्टिकचं, बाहेर तागाचं, तोंड सुतळीने दोनदा शिवलेलं. कडुनिंबाच्या जाड फांदीला असं टांगा की पोत्याचा मध्य वाकलेल्या मुलाच्या छातीसमोर येईल. आठ धक्के, दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे, आठवड्यातून दोन दिवस. पोतं गरगर फिरलं तर धक्का मधोमध बसला नाही. सरळ मागे गेलं तर बसला. दर पंधरवड्याला पोतं खाली उतरवून पुन्हा हलवा.

धरलेला गडी सोडवून पुढे जायच्या अनेक युक्त्या आहेत, सुरुवातीला दोन पुरेत. 'रिप' म्हणजे जवळचा हात समोरच्याच्या काखेतून खालून वर काढायचा, आणि त्याच बाजूचा पाय हाताबरोबरच पलीकडे टाकायचा. हात गेला पण पाय मागे राहिला, की समोरचा त्या हातावरच लोंबकळतो. 'स्विम' म्हणजे एका हाताने त्याचा खांदा किंवा दंड बाजूला झोडपून दुसरा हात पोहल्यासारखा त्याच्या खांद्यावरून टाकायचा. ही उंच मुलांची युक्ती. आखूड मुलगा स्विम करायला गेला की त्याच्या बरगड्या उघड्या पडतात आणि समोरचा तिथेच दाबून त्याला आडवा करतो. दोन्ही युक्त्या समोरचा अंगावर झुकला की करायच्या. तो सरळ उभा असेल तर आधी छातीवर धक्का द्या, तो झुकेल.

तुमच्या कव्हरवाल्यांसाठी यातलं एक जसंच्या तसं : डॅश मारताना डोकं रेडरच्या पोटात घालायचं नाही. डोकं बाजूला, कानाची बाजू त्याच्या बरगडीला, नजर वर. मान खाली वाकली की मानेचे मणके एका सरळ रेषेत येतात आणि सगळा दणका त्यांच्यावर जातो. 'जे मारतोस ते बघत मार' एवढं एकच वाक्य रोज सांगा.

आणि दम. फुटबॉलची एक खेळी चार ते सहा सेकंदांची, मग अर्धा मिनिट किंवा त्याहून थोडी जास्त उसंत. म्हणून मैदानाला दहा चकरा मारून लाइनमन तयार होत नाही. पाच सेकंद जीव तोडून, पस्तीस सेकंद चालत विश्रांती, असं सहा वेळा. मग चार मिनिटं थांबून पुन्हा सहा. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची असली तरी बचाववाल्याचा खरा स्फोट दोन-तीन सेकंदांचाच असतो, त्यामुळे हाच सराव त्यालाही लागू आहे.

प्रश्न : काही जण दहा वर्षांत थांबतात, काही वीस वर्षं खेळतात. नेमका फरक कशाने पडतो?
— निवृत्त क्रीडाशिक्षक, वाशीम

उत्तर : आधी प्रमाण लक्षात घ्या. एनएफएलमधली सरासरी कारकीर्द खेळाडूंची संघटना सव्वातीन वर्षांच्या आसपास सांगते. दहा वर्षं हीच तिथे दीर्घायुष्याची खूण. त्यावर ब्रूस स्मिथ १९८५ ते २००३ खेळला, चाळिशी गाठली, आणि त्याचे २०० सॅक हा कारकिर्दीचा विक्रम आहे. ज्यूलियस पेपर्स २००२ ते २०१८, १५९.५ सॅक. आणि वर आलेला तो जिम मार्शल : १९६० ते १९७९, सलग २८२ सामने, मधे एकही न चुकवता. कॅलेयस कॅम्बेल २००८ मध्ये ॲरिझोनाकडून सुरू झाला, जॅक्सनव्हिल, बाल्टिमोर, अटलांटा, मायामी असा फिरून २०२५ मध्ये पुन्हा ॲरिझोनात आला. त्या हंगामात तो एकोणचाळीस वर्षांचा होता. उलट बाजूला ॲरन डोनल्ड. दहा हंगाम, १११ सॅक, तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू, आणि मार्च २०२४ मध्ये ३२व्या वर्षी, हात चालत असताना थांबला. दुखापतीने थांबणं आणि मनाने थांबणं यांत गल्लत करू नये.

टिकणाऱ्यांत आम्हाला सर्वांत मोठं कारण दिसतं ते कमी खेळण्याचं. एका सामन्यात बचावाच्या वाट्याला साठ-पासष्ट खेळी येतात. ऐन भरातला लाइनमन त्यांतल्या चाळीस-पन्नास खेळतो. पस्तिशीतल्याला शहाणा प्रशिक्षक पंचवीस-तीसवर आणतो, आणि त्या कधीच्या हे निवडून देतो : तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरीला, पास येणार हे उघड असताना. आठवड्याच्या मधल्या सरावातूनही त्याला एक दिवस सुट्टी मिळते. पोरांना यात लाड दिसतात. पण १७ सामन्यांच्या हंगामात दर सामन्याला वीस टकरी वाचल्या, तर ३४० टकरी वाचतात. बैलजोडीला दुपारी सोडतात ते काही तिच्यावर उपकार म्हणून नव्हे.

दुसरं, जागा बदलणं. वयाबरोबर पहिल्या पावलाचा वेग आधी जातो. ताकद आणि हात बरेच नंतर. म्हणून कडेला धावणारा पुष्कळदा पास अडवायच्या खेळींत आत, गार्डसमोर सरकतो. तिथे पाच यार्ड वळसा घालून धावायचं नसतं, दोन पावलांत हातांचंच काम असतं. कॅम्बेलसारखा साडेसहा फुटांहून उंच माणूस आत बसला, की क्वार्टरबॅकचा चेंडू हवेतच अडवायलाही उपयोगी पडतो.

तिसरं कारण हिशेबाचं आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. अनुभवाप्रमाणे किमान पगार चढत जातो. २०२५ मध्ये नवख्याला ८ लाख ४० हजार डॉलर आणि सात किंवा जास्त हंगाम झालेल्याला १२ लाख ५५ हजार. संघाला एकूण पगाराची मर्यादा असते, त्यामुळे म्हातारा महाग पडून बाहेर फेकला जाईल. तसं होऊ नये म्हणून नियम आहे : चार किंवा जास्त हंगाम झालेल्या खेळाडूने ठरावीक प्रकारचा एक वर्षाचा किमान करार केला, तर त्याला पूर्ण पैसे मिळतात, पण मर्यादेत तो दोन वर्षांच्या खेळाडूइतकाच मोजला जातो. जुने गडी दर वर्षी नव्या गावात, एकेका वर्षाच्या करारावर दिसतात, त्यामागे पुष्कळदा ही तरतूद असते.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. उंची सहा फूट एक इंच, वजन १०४ किलो. कबड्डीत लेफ्ट कव्हर खेळायचा, पण वजनामुळे निवडीत बसत नाही. आता म्हणतो अमेरिकेत डिफेन्सिव्ह लाइनमन व्हायचं. वाट आहे का?
— वडील, अकोट

उत्तर : वाट आहे, पण पांदणीसारखी. एनएफएल २०१७ पासून परदेशी खेळाडूंसाठी एक कार्यक्रम चालवते. २०२४ पासून तिच्या ३२ संघांपैकी प्रत्येकाला अशा खेळाडूसाठी सराव पथकात एक जादा जागा आहे. त्याच वाटेने ब्रिटनमधला एफे ओबाडा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे कडेचा लाइनमन, झाला, आणि ऑस्ट्रेलियातला रग्बीपटू जॉर्डन मायलाटा फिलाडेल्फियाचा टॅकल झाला. मायलाटा सहा फूट आठ इंचांचा आहे, हे मात्र विसरू नका.

आत्ताच मोजून पाहा. सपाट मैदानावर ९.१४ मीटर आणि ३६.५८ मीटरवर खुणा करा, म्हणजे १० आणि ४० यार्ड. कडेच्या लाइनमनकडून चाळीस यार्डांना ४.७ ते ४.८ सेकंद आणि मधल्याकडून पाच-सव्वापाच सेकंदांची अपेक्षा असते. दहा यार्ड १.७ च्या आसपास. मोबाइलवर हाताने वेळ लावली तर ती साधारण ०.२ सेकंद कमी येते, तेवढी मिळवा. १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलतो तेही मोजतात. उंचीप्रमाणे त्याचं वजन मधल्या जागेसाठी वीस-पंचवीस किलोंनी कमी आहे. ते चरबीने भरून काढलं तर दहा यार्डांचा वेळ बिघडतो आणि हाती काहीच राहत नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. आणखी दोन वर्षं त्याला कुस्ती, ज्यूदो, गोळाफेक किंवा रग्बी यांपैकी काहीतरी गांभीर्याने करू द्या, कारण निवडणारे दुसऱ्या खेळातली कामगिरी बघूनच बोलावतात. अकोटहून अमरावती जवळ आहे. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलेलं. शारीरिक शिक्षणाची पदवी तिथे होते, म्हणजे अमेरिका हुकली तरी हात रिकामे राहत नाहीत. वरिष्ठ पुरुष कबड्डीची ८५ किलोची मर्यादा गाठायला १९ किलो उतरवणं, हे या हाडापेराच्या मुलाला आम्ही सुचवणार नाही.

आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फुटबॉल येतोय असं कुणी सांगितलं असेल, तर तो फ्लॅग फुटबॉल आहे. पाच जणांचा, कमरेचं फडकं ओढायचा, बिनटकरीचा. त्यात धावून येणारा बचावपटू सात यार्ड मागून सुटतो. लाइनमनचं त्यात काम नाही.

प्रश्न : जूनमध्ये सराव सुरू केला की दणकट मुलंच आधी कोसळतात. मागच्या वर्षी एक मुलगा बरळायला लागला होता. काय करावं?
— क्रीडाशिक्षक, तालुका चिमूर

उत्तर : बरळणं, झोकांड्या जाणं, उगाच चिडणं म्हणजे उष्माघात धरूनच चाला. अंग घामाने ओलं असलं तरी. मोठ्या अंगात उष्णता जास्त तयार होते आणि ती बाहेर टाकायला त्या मानाने कातडी कमी पडते, म्हणून तो आधी पडतो. मिनेसोटाचा कोरी स्ट्रिंगर हा लाइनमन, आक्रमणाच्या फळीतला, वजन दीडशे किलो, १ ऑगस्ट २००१ रोजी सराव शिबिरातल्या उष्माघाताने गेला. वय २७. त्यानंतर तिथले उन्हातल्या सरावाचे नियम बदलले.

करायचं असं. आधी थंड करा, मग हलवा. एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी थांबायचं नाही. मुलाला सावलीत ताडपत्रीवर आडवं करा, बूट आणि वरचे कपडे काढा. चौघांनी ताडपत्रीच्या कडा उचलून पाळण्यासारखा खोलगट आकार करा. त्यात दहा-बारा बादल्या पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओता, आणि कडा हलवत पाणी अंगावर खेळवत ठेवा. डोकं एकाने वर धरायचं, तेवढंच त्याचं काम. दहा ते पंधरा मिनिटं, किंवा तो थरथरून नीट बोलायला लागेपर्यंत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काही उपयोगाची नाही. काखेतला थर्मामीटर अशा वेळी खोटं सांगतो. त्याचा आकडा कमी आला म्हणून थांबू नका.

हे टाळायला पहिले चौदा दिवस सवयीचे धरा. पहाटे साडेपाचला सुरू, पहिले तीन दिवस पाऊण तास, मग रोज थोडं वाढवत न्या. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जितके किलो घटलं त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत गेलं पाहिजे, सोबत ओआरएस किंवा मिठाचं ताक. दुसऱ्या सकाळी वजन दोन टक्क्यांहून जास्त खालीच असेल, तर त्या दिवशी सराव नाही. जुलाब झालेल्या किंवा रात्रभर जागलेल्या मुलालाही नाही.

प्रश्न : वय ३३. रात्रीच्या सामन्यात गुडघ्यात 'टक्' आवाज आला, दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. महिन्याने चालता येतं, पण वळताना पाय निसटतो. पट्टा बांधून खेळू का?
— कॉर्नर, काटोल

उत्तर : नको. टक् आवाज, काही तासांत सूज आणि वळताना निसटणं, ही एसीएल नावाची आतली दोरी तुटल्याची खूण असू शकते. पट्टा सरळ चालताना आधार देतो, वळताना हाड घसरणं थांबवत नाही. प्रत्येक घसरणीत मधली गादी, मेनिस्कस, फाटत जाते. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. ते हातानेच गुडघा पुढे ओढून तपासतील, गरज असेल तर एमआरआय सांगतील. शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि तेव्हाही एका पायावरची लांब उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के भरली तरच. तोवर मांडीचा पुढचा स्नायू वाळू देऊ नका : पाय सरळ ठेवून मांडी घट्ट आवळा, दहा आकडे, दिवसातून शंभर वेळा.

प्रश्न : पूर्वी जड वजनात कुस्ती खेळायचो, आता ४१. वजन १२८. खेळ सुटला, भूक सुटत नाही. बायको म्हणते घोरणं मधेच थांबतं. लाइनमन लोक निवृत्तीनंतर काय करतात?
— गोंदिया

उत्तर : तुमच्या सौभाग्यवतींनी सांगितलेलं लक्षण पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. घोरणं मधेच थांबून दचकून श्वास येणं हे स्लीप ॲप्नियाचं लक्षण, आणि जाड मानेच्या माणसांत ते जास्त. मानेला टेप लावा. ४३ सेंटिमीटरच्या वर असेल तर झोपेची तपासणी पुढे ढकलू नका. १९८ सॅक घेतलेला रेगी व्हाइट २००४ मध्ये ४३व्या वर्षी झोपेत गेला. हृदयाचे ठोके बिघडले, आणि त्यामागच्या संभाव्य कारणांत ॲप्नियाचंही नाव घेतलं गेलं.

दुसरं टोक ॲलन पेजचं. १९७१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा पहिला बचावपटू. खेळत असतानाच लांब पल्ल्याचं धावायला लागला, वजन उतरवत गेला. १९७८ मध्ये मिनेसोटाने सोडलं, तर शिकागोकडून १९८१ पर्यंत खेळला. कायद्याची पदवी खेळता खेळताच घेतली, आणि १९९३ ते २०१५ मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता.

तुम्ही धावायला जाऊ नका, १२८ किलोवर गुडघे आधी जातील. चाला, आणि आठवड्यातून दोन दिवस वजन उचलणं चालू ठेवा, नाहीतर उतरतं ते मांस. जेवणातून रोज पाचशे उष्मांक कमी करायचे. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी साधारण दोनशे उष्मांकांची. म्हणजे दिवसाला दोन भाकरी आणि रश्श्यावरची मोठा चमचाभर तर्री कमी केली की झालं. वरण, अंडी, दही कमी करू नका. आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो उतरेल. त्याहून भराभर उतरलं तर ताकदही जातेय. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दहा किलो उतरल्यावर डॉक्टरांकडे जाऊन डोस तपासून घ्या. तोच डोस राहिला तर सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि माणूस म्हणतो, खाणं कमी केल्याने अशक्तपणा आला.